घरी बांधलेल्या ड्यून बगीचे इंजिन वारंवार तापते: लक्षणे, तपासण्या आणि कुठे थांबावे

मारुती ८०० चे जुने इंजिन गिअरबॉक्ससह मागच्या बाजूला बसवून घरी बांधलेल्या बगीत, म्हणजे वाळूत-मातीत चालवायच्या हलक्या, उघड्या गाडीत, एक तक्रार हमखास येते, ती म्हणजे इंजिन तापण्याची. माझ्या स्वतःच्या बगीत ती दोन उन्हाळे ठाण मांडून होती. त्यानंतर मित्रांच्या आणि मित्रांच्या मित्रांच्या बग्यांत ती मी इतक्या वेळा दूर केली आहे की आता गाडी पाहण्याआधी मी मालकाला तापमानाचा काटा नेमका केव्हा चढतो एवढेच विचारतो. त्या उत्तरावरून अर्धे काम होते, म्हणून लक्षणांपासूनच सुरुवात करतो.

लक्षणे

वाळूत, चिखलात किंवा चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये काटा चढतो आणि सपाट कडक जमिनीवर वेग घेतला की उतरतो, असे होत असेल तर कमी वेगात रेडिएटरला वारा मिळत नाही. इथे संशय पंख्यावर आणि त्याच्या वायरिंगवर घ्यावा.

याच्या उलट, उभ्या गाडीत काटा मध्यावर स्थिर राहतो आणि वेगात चालवल्यावर चढतो, असे असेल तर पंखा आपले काम करतो आहे, पण वेगात एकतर रेडिएटरमधून पुरेसे पाणी वाहत नाही किंवा तो अशा जागी बसवला आहे की धावत्या गाडीचा वारा त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. पंखा उलटा फिरत असेल तरीही धावताना तो समोरून येणाऱ्या वाऱ्याशी झगडतो आणि असेच लक्षण दिसते.

काटा हळूहळू न चढता एकदम उडी मारतो, पुन्हा खाली येतो आणि वळणावर किंवा खड्ड्यात हे जास्त होते, तेव्हा पाण्यात हवा अडकलेली असते. घरी बांधलेल्या बगीत हे लक्षण सर्वांत जास्त आढळते आणि त्याचा अर्थ सर्वांत कमी लोकांना कळतो, कारण काटा खाली आला की माणसाला हायसे वाटते. प्रत्यक्षात तापमानाचा सेन्सर पाण्याऐवजी हवेच्या पोकळीत उघडा पडला की तो कमी तापमान दाखवतो. त्यामुळे इंजिन उकळत असतानाही काटा थंडाकडे झुकलेला दिसू शकतो.

इंजिन बंद केल्यानंतर राखीव बाटलीत पाणी उसळून येते आणि गाडी थंड झाल्यावर ते परत रेडिएटरमध्ये जात नाही, हे झाकणाचे किंवा त्या बारीक नळीचे लक्षण आहे. काटा लाल पट्ट्यात असूनही वरच्या होज पाईपला हात लावता येत असेल तर दोष मीटरचा किंवा अर्थिंगचा असू शकतो; मात्र थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, बंदच राहिली तरीही तो पाईप थंड राहतो. आणि सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा होज पाईप दगडासारखा कडक होत असेल, तर पुढच्या बऱ्याच तपासण्या सोडून थेट शेवटच्या भागाकडे वळावे.

या बगीतच हे का होते

ड्यून बगीचे मूळ घर कॅलिफोर्निया. ब्रूस मेयर्स यांनी १९६४ मध्ये तिथे बांधलेली मॅन्क्स बगी आणि तिच्या मागोमाग आलेल्या बहुतेक बग्या फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनावर आणि सुट्या भागांवर उभ्या होत्या. बीटलचे इंजिन मुळातच मागे असते आणि ते हवेने थंड होते, त्यामुळे त्या बग्यांच्या आराखड्यांत रेडिएटर, पाण्याच्या नळ्या किंवा त्यांच्यासाठी राखलेली जागा हे काहीच नसते. आपल्याकडच्या बाहा स्पर्धांतल्या, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या बग्यांच्या शर्यतींतल्या, गाड्याही वर्षानुवर्षे हवेने थंड होणाऱ्या १० अश्वशक्तीच्या इंजिनावर धावल्या आहेत. आपण अशाच एखाद्या आराखड्यावरून पाइपांचा सांगाडा वाकवतो आणि त्यात पाण्याने थंड होणारे तीन सिलिंडरचे ७९६ सीसीचे इंजिन बसवतो. मारुतीच्या अभियंत्यांनी रेडिएटर नाकावर, पंखा त्याच्या मागे, नळ्या आखूड आणि पाणी भरण्याचे तोंड उंचावर अशी सगळी मांडणी जुळवलेली होती. ती आपण मोडतो आणि इंजिन तापले की दोष इंजिनाला देतो. माझ्याकडे आलेल्या बग्यांपैकी फारच थोड्यांमध्ये इंजिन खरोखर दोषी निघाले. बाकी ठिकाणी ते आपण हलवलेल्या वाऱ्याच्या आणि पाण्याच्या वाटेत अडकलेले होते.

म्हणून पुढच्या तपासण्या खर्चाच्या आणि मेहनतीच्या चढत्या क्रमाने घेतल्या आहेत, आणि तो क्रम पाळावा. पंप बदलून झाल्यावर पंख्याच्या तारा उलट्या जोडलेल्या सापडल्या की फार वाईट वाटते. मला वाटले होते.

हात लावण्यापूर्वी

गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण उघडू नये. चांगले झाकण आतला दाब वातावरणापेक्षा सुमारे ०.९ बारने जास्त ठेवते आणि त्या दाबाखाली साधे पाणीही सुमारे ११८ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवले की दाब क्षणात जातो, तेच पाणी जागच्या जागी वाफ होऊन बाहेर येते आणि बगीत रेडिएटर बहुधा सीटच्या मागे, म्हणजे वाकून झाकण उघडणाऱ्याच्या चेहऱ्याजवळ असतो. वरचा होज पाईप हाताने सहज दाबता येईपर्यंत थांबावे. त्यासाठी अर्धा-पाऊण तास लागतो. तापलेल्या इंजिनावर बाहेरून थंड पाणी ओतू नये, कारण हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचे असते आणि एका बाजूने अचानक आकसले तर ते वाकते किंवा तडकते.

चाचणी स्वतःच्या शेतात किंवा मोकळ्या खाजगी जागेत घ्यावी. ही गाडी रस्त्यासाठी नोंदणी झालेली नसते आणि किनाऱ्यावर वाहन घातल्याबद्दल कोकणात आणि गोव्यात कारवाई होते.

खर्च नसलेल्या तपासण्या

पहिली तपासणी पाण्याच्या पातळीची. ती गाडी पूर्ण थंड असताना, झाकण उघडून, रेडिएटरच्या तोंडातच पाहावी. बाटलीत पाणी दिसते म्हणून रेडिएटर भरलेला आहे, असे समजू नये. झाकणाची परत ओढणारी झडप अडकली असेल तर बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, ही स्थिती कितीही दिवस राहू शकते.

दुसरी तपासणी ब्रेकची आहे, आणि ती वाचून पुष्कळांना नवल वाटते. बगी जॅकवर घेऊन, खाली स्टँड लावून, प्रत्येक चाक हाताने फिरवून पाहावे. जुन्या गाडीचे कॅलिपर किंवा ड्रम नव्या सांगाड्यावर बसवताना हँडब्रेकची केबल ताणलेली राहते आणि एखादे चाक सतत घासत असते. छोट्या इंजिनाला हा भार जाणवतो आणि त्याची उष्णता शेवटी पाण्यातच येते. वाळूत चालवताना टायरमधली हवा रस्त्याइतकीच ठेवली तरी हेच होते. हलक्या बगीत रुंद टायर असतील तर वाळूसाठी हवा १२ ते १५ पीएसआयपर्यंत उतरवावी, म्हणजे चाक रुतत नाही आणि इंजिनावरचा ताण लगेच उतरतो. कडक जमिनीवर परतताना ती पुन्हा भरावी.

तिसरी तपासणी फॅन बेल्टची. या इंजिनात अल्टरनेटरबरोबर पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर फिरतो. दोन पुलींच्या मध्ये पट्टा अंगठ्याने दाबला तर साधारण एक सेंटिमीटर दबावा. त्याहून फार जास्त दबत असेल किंवा पट्ट्याच्या कडा चकचकीत झाल्या असतील तर तो घसरतो. इंजिन मागे गेल्यामुळे चाकांनी उडवलेली वाळू थेट त्याच्यावर येते, हेही लक्षात ठेवावे.

चौथी तपासणी मीटरची. तापमानाच्या सेन्सरला परतीची तार नसते आणि त्याची अर्थिंग इंजिनाच्या धातूतूनच होते. आपण सांगाड्याला पावडर कोटिंग करतो, इंजिन रबरी माउंटवर ठेवतो आणि बॅटरीची काळी तार रंगावरच बोल्टने आवळतो. मग स्टार्टर फिरवताना, दिवे लावताना काटा नाचतो. बॅटरीच्या ऋण टोकापासून एक जाड तार थेट इंजिनाला आणि दुसरी सांगाड्याला, रंग खरवडून जोडावी. सेन्सरची तार कुठे घासून सांगाड्याला टेकली असेल तर काटा थेट लाल टोकाला जाऊन बसतो. ती तार सेन्सरवरून काढून मोकळी ठेवली असता काटा खाली आला तर तार ठीक आहे, तसाच वर राहिला तर तार कुठेतरी टेकलेली आहे.

खरे तापमान पाहण्यासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर उसना मिळाला तर उत्तम. मात्र तो चकचकीत ॲल्युमिनियमवर रोखला तर आकडा बराच कमी दाखवतो. थर्मोस्टॅटच्या घरावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवून तिच्यावर रोखावा.

झाकण

झाकण ही सर्वांत स्वस्त वस्तू असूनही सर्वांत शेवटी बदलली जाते. त्यात दोन झडपा असतात. मोठी झडप ठरावीक दाबापर्यंत पाणी आत रोखते आणि छोटी झडप गाडी थंड होताना बाटलीतले पाणी परत आत घेते. मोठ्या झडपेचे रबर कडक झाले की दाब टिकत नाही, उकळण्याचा बिंदू खाली येतो आणि एरवी सहन झाले असते त्या तापमानाला पाणी उकळते. झाकणावर छापलेला आकडा मूळ झाकणाइतकाच असावा. जास्त दाबाचे झाकण लावून प्रश्न सुटतो, हा समज चुकीचा आहे. त्याने जुन्या रेडिएटरचे सांधे सुटतात.

बाटलीकडेही लक्ष द्यावे. पाणी सामान्य तापमानापासून शंभर अंशांपर्यंत तापले की सुमारे ४ टक्के फुगते आणि कूलंट मिसळलेले पाणी त्याहून थोडे जास्तच फुगते. लांब नळ्यांमुळे बगीत एकूण पाणी सहा लिटरांच्या घरात गेले असेल तर किमान पाव लिटर पाणी दर वेळी बाहेर येणार आणि परत जाणार. बाटलीत तेवढी रिकामी जागा हवी आणि बारीक नळीचे टोक नेहमी पाण्यात बुडालेले हवे. शीतपेयाची बाटली बांधून तिच्या तोंडाशी नळीचे टोक सोडलेले मी अनेकदा पाहिले आहे. अशा वेळी थंड होणारा रेडिएटर पाण्याऐवजी हवा ओढून घेतो आणि प्रत्येक फेरीनंतर थोडा अधिक रिकामा होतो.

पंखा

पंखा फिरतो आहे एवढे पाहणे पुरेसे नाही, तो वारा कुणीकडे ढकलतो ते पाहावे. वर्तमानपत्राचा कागद रेडिएटरच्या पंखा नसलेल्या बाजूला धरला तर ओढणाऱ्या पंख्याने तो चिकटला पाहिजे. तारा उलट जोडल्या की मोटर उलटी फिरते, आवाज तितकाच येतो, वारा मात्र उलटा आणि कमी येतो. आणखी एक फसवी चूक अशी की रेडिएटर आणि पंख्याचा जोड मूळ गाडीतून जसाच्या तसा उचलून सीटच्या मागे बसवताना तोंड फिरले जाते. मग पंखा वायरिंगप्रमाणे बरोबर फिरत असूनही गाडीच्या धावण्याच्या विरुद्ध दिशेने वारा मारतो. अशा वेळी केवळ तारा उलटवणे हा अर्धा उपाय आहे, कारण पंख्याच्या पात्यांचा बाक एकाच दिशेसाठी केलेला असतो. जोडच फिरवून बसवावा.

त्यानंतर व्होल्टेज. इंजिन चालू आणि पंखा फिरत असताना पंख्याच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावावा आणि बॅटरीवरच्या आकड्याशी ताडून पाहावा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त नसावा. बॅटरी पुढे आणि पंखा मागे असेल तर जाऊन-येऊन आठ मीटर तार होते. घरगुती वायरिंगची १ चौरस मिलिमीटरची तार वापरली आणि पंखा ८ अँपियर घेत असला तर एक व्होल्टहून जास्त वाटेतच जातो. २.५ चौरस मिलिमीटरची तार, रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) आणि बॅटरीजवळ फ्यूज एवढे केले की हा प्रश्न कायमचा मिटतो. डॅशबोर्डवरच्या स्विचमधून पंख्याचा सगळा प्रवाह नेऊ नये. तो स्विच वितळतो, आणि तो नेमका इंजिन तापलेले असतानाच वितळतो.

वाऱ्याची वाट

सीटच्या मागची जागा रेडिएटरसाठी सोयीची वाटते, कारण नळ्या आखूड होतात. पण तिथे चालकाची पाठ, सीट आणि फायरवॉल (सीट आणि इंजिनामधली पत्र्याची भिंत) यांच्या आड वारा मरतो. तो मेला आहे की नाही हे पाहण्याची युक्ती अगदी साधी आहे. रेडिएटरच्या पुढच्या बाजूला जागोजागी लोकरीचे दहा-बारा बोटभर धागे चिकटवावेत, पंखा बंद ठेवून कुणाला तरी बगी सरळ चालवायला सांगावे आणि दुसऱ्या गाडीतून धाग्यांचे चित्रीकरण करावे. धागे जाळीकडे खेचलेले दिसले तर जागा चांगली आहे. ते लोंबत राहिले, गोल फिरले किंवा उलटे उडाले, तर कितीही मोठा रेडिएटर लावला तरी फायदा होणार नाही.

जागा बदलण्याआधी पुठ्ठा वापरून पाहावे. रेडिएटरच्या चारही कडा आणि सांगाडा यांच्यामधल्या फटी पुठ्ठ्याने आणि चिकटपट्टीने बंद केल्या म्हणजे वाऱ्याला जाळीतूनच जावे लागते. पाणी जसे उताराच्या वाटेने पळते तसा वारा मोकळ्या फटीने पळतो. पंख्याभोवतीचे मूळ आच्छादन भंगारात टाकलेले असेल तर तेही परत मिळवावे. त्याच्याशिवाय पंखा फक्त आपल्या वर्तुळापुरती जाळी थंड करतो आणि कोपरे वाया जातात. माझ्या बगीत पुठ्ठ्याच्या चाचणीत फरक दिसला, मग मी तोच आकार पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यात कापून घेतला.

जाळीतली माती आणि गवताचे तुरे काढताना पाणी पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेने आणि हलक्या दाबाने मारावे. सर्व्हिस सेंटरचा जोरदार फवारा जवळून मारला तर पत्र्याचे नाजूक पडदे आडवे होतात आणि स्वच्छ रेडिएटर आधीपेक्षा वाईट चालतो.

पाण्यात अडकलेली हवा

इथवर सगळे ठीक असेल तर आता या दुखण्याच्या गाभ्याशी आलो. रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे असलेल्या बगीत दोन लांब नळ्या मजल्याखालून जातात. वाटेत आडवा पाइप आला की आपण नळी त्याच्यावरून उचलून नेतो, पुन्हा खाली उतरवतो आणि नळीत एक कुबड तयार होते. पाणी भरताना हवा त्या कुबडाच्या माथ्याशी साचते. पंपाला पाणी ढकलता येते, पण हवेची मोठी पोकळी ढकलता येत नाही. पंपाच्या पात्यांतच हवा शिरली तर तो नुसता घुसळत राहतो आणि इंजिनातले पाणी जागच्या जागी उकळू लागते.

हवा अडकली आहे का, हे ओळखण्यासाठी पाणी मोजून भरावे. सगळे पाणी काढावे, एक लिटरच्या बाटलीने मोजून परत भरावे आणि आकडा लिहून ठेवावा. मूळ गाडीत पाणी किती मावते ते तिच्या पुस्तिकेत दिलेले असते, नळ्यांतले आपण काढू शकतो. २५ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या, प्रत्येकी दोन मीटर लांबीच्या दोन नळ्यांत जवळपास दोन लिटर पाणी मावते. या बेरजेपेक्षा लिटरभर कमी पाणी आत गेले असेल तर ते लिटर म्हणजे हवा आहे. जुने पाणी इंजिनाच्या आतून पूर्ण निघत नाही, त्यामुळे थोडा फरक गृहीत धरावा. पण अर्ध्या लिटरहून जास्त फरक राहिला तर भरणे पुन्हा करावे. हे मोजमाप करायला मला कुणी शिकवले नाही आणि ते आधी सुचले असते तर माझा एक पंप आणि दोन थर्मोस्टॅट वाचले असते.

हवा काढण्याची पद्धत रेडिएटर कुठे आहे त्यावर ठरते. तो पुढे असेल तर बगीचे नाक चढावर किंवा रॅम्पवर इतके उंच करावे की रेडिएटरचे तोंड संपूर्ण मांडणीत सर्वांत वर येईल आणि कुबडांसकट नळ्या पुढच्या दिशेने चढत्या होतील. चाकांना मागून दगड किंवा ठोकळे लावावेत आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. मग इंजिन थंड असताना झाकण उघडे ठेवून पाणी अगदी बारीक धारेने भरावे आणि मधूनमधून होज पाईप हाताने दाबत राहावे, म्हणजे बुडबुडे पुढे सरकतात. पातळी स्थिरावली की इंजिन सुरू करून मंद गतीवर ठेवावे. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा लगेच भर घालावी. बुडबुडे थांबल्यावर झाकण लावावे. गाडी पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहावी आणि पहिल्या तीन-चार फेऱ्यांनंतर प्रत्येक वेळी पाहत राहावी.

रेडिएटर सीटच्या मागे खाली असेल तर ही पद्धत चालत नाही, कारण तिथे इंजिनाचे हेड रेडिएटरच्या तोंडापेक्षा उंच असते आणि हवा हेडमध्येच, म्हणजे नको तिथेच, जमते. अशा बगीत वरची टाकी, म्हणजे हेडर टँक, बसवण्याला पर्याय नाही. सांगाड्याच्या वरच्या आडव्या पाइपाला, हेडपेक्षा उंच, लिटरभराची टाकी लावावी आणि दाबाचे झाकण तिच्यावर घ्यावे. रेडिएटरच्या तोंडाला मात्र झडप नसलेले सपाट झाकण लावावे. टाकीच्या तळातून एक नळी पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला जोडावी, आणि थर्मोस्टॅटजवळच्या उंच जागेतून व रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातून बोटापेक्षा बारीक अशा दोन नळ्या टाकीत आणून सोडाव्यात. मग हवा आपोआप टाकीत येऊन बसते आणि तिची जागा पाणी घेते. दोन दाबांची दोन झाकणे एकाच मांडणीत ठेवू नयेत. कमजोर झाकण आधी उघडते आणि पाणी भलत्या जागी सांडते.

हीटरच्या फाट्याचाही इथे संबंध आहे. बगीत हीटर नको म्हणून दोन्ही तोंडे बोल्ट ठोकून बंद केली जातात. त्याऐवजी ती एका आखूड होज पाईपने एकमेकांना जोडावीत. थर्मोस्टॅट बंद असतानाही त्या वाटेने थोडे पाणी फिरत राहते आणि थर्मोस्टॅटला गरम पाण्याची खबर वेळेवर लागते. ही कमान खालच्या पातळीवर ठेवावी, नाहीतर तीच नवे कुबड बनते.

नळ्यांविषयी थोडे स्पष्ट बोलतो. घरगुती नळकामाचे प्लास्टिकचे पाइप आणि काटकोनातले एल्बो इथे वापरू नयेत, कारण शंभर अंशांच्या दाबाखालच्या पाण्यासाठी ते केलेलेच नसतात आणि ते मजल्याखाली फुटले तर उकळते पाणी पायांवर येते. धातूच्या नळीच्या टोकाला कड उठवून घ्यावी, म्हणजे क्लिप आवळल्यावर होज पाईप सटकत नाही. लेथवाला हे काम थोड्या पैशांत करून देतो. पंपाच्या ओढणाऱ्या बाजूचा होज पाईप मऊ झालेला असेल तर जास्त आरपीएमवर तो चपटा होतो आणि पाणी अडते. मदतनिसाला ॲक्सिलरेटर दाबायला सांगून, पट्ट्यापासून हात आणि कपडे दूर ठेवून, तो चपटा होतो का ते पाहावे.

थर्मोस्टॅट आणि टायमिंग

"थर्मोस्टॅट काढून फेका, गाडी तापणार नाही" हा सल्ला मलाही मिळाला होता आणि मी तो पाळलाही. गाडी तापायची ती तापलीच, वर सकाळी थंड इंजिन धापा टाकू लागले आणि पेट्रोल जास्त पिऊ लागले. थर्मोस्टॅट तपासणे सोपे आहे. तो पातेल्यात पाण्यात दोऱ्याने टांगून, तळाला टेकू न देता, थर्मामीटर लावून गॅसवर ठेवावा. त्याच्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास, बहुधा ८२ ला, तो उघडू लागतो आणि उकळीच्या आधी पूर्ण उघडतो. तसा उघडला तर परत बसवावा, न उघडल्यास नवा आणावा. त्याच्या पट्टीत हवा सुटण्यासाठी बारीक छिद्र असते, ते बसवताना वरच्या बाजूला ठेवावे. इंजिन सांगाड्यात तिरके बसवले असेल तर "वर" ही बाजूही बदललेली असते.

इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे पडले असेल किंवा कार्ब्युरेटरपासून डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी व्हॅक्यूमची नळी जोडायची राहिली असेल, तरी इंजिन तापते आणि त्याच वेळी सुस्तही होते. ती नळी शोधणे फुकट आहे. टायमिंग मात्र टायमिंग तपासण्याचा दिवा असलेल्या मेकॅनिककडून करून घ्यावे.

रेडिएटर आणि पंप

जुन्या बाजारातून आणलेला रेडिएटर बाहेरून कितीही चांगला दिसला तरी आतून क्षाराने भरलेला असू शकतो, विशेषतः आधीच्या मालकाने बोअरचे पाणी भरले असेल तर. इंजिन गरम करून बंद करावे, पंख्याची तार काढून ठेवावी आणि जाळीवरून हात किंवा थर्मामीटर फिरवावा. वरून खाली किंवा एका बाजूकडून दुसरीकडे तापमान हळूहळू उतरत गेले पाहिजे. मध्येच एखादा पट्टा थंडगार लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. रेडिएटरवाला तो उघडून साफ करून देतो, पण प्लास्टिकच्या टाक्यांचा असेल तर नवा घेणे स्वस्त पडते. पुढे भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड पाणीच वापरावे.

पंप सर्वांत शेवटी. खालच्या छिद्रातून पाणी ठिबकत असेल, पुली हाताने हलवल्यावर खेळत असेल, किंवा थर्मोस्टॅट उघडल्यानंतरही आणि हवा पूर्ण काढल्यानंतरही रेडिएटरच्या तोंडात पाणी हलताना दिसत नसेल, तरच तो उतरवावा. मोठा रेडिएटर घेण्याचा विचारही याच टप्प्यावर करावा, त्याआधी नाही. वाळूत पूर्ण ताकदीने सतत चालणाऱ्या बगीला तो खरोखर लागतो, पण वारा आणि पाणी दोन्ही सुरळीत असल्याशिवाय त्याचा उपयोग कळत नाही.

इथे थांबावे

थंड इंजिन सुरू करताच होज पाईप कडक होणे, झाकण उघडे असताना सतत बुडबुडे येत राहणे आणि ते हवा काढूनही न थांबणे, ऑइलच्या झाकणाखाली किंवा डिपस्टिकवर दुधाळ चहासारखा चिकट थर दिसणे, इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरी वाफ येत राहणे आणि गळती न दिसता पाणी कमी होणे, यांपैकी एकही लक्षण असेल तर हेड गॅसकेट, म्हणजे हेड आणि इंजिनाचा मुख्य भाग यांच्यामधले सील, गेलेले असण्याची शक्यता मोठी आहे. ऑइलमध्ये पाणी दिसल्यावर इंजिन पुन्हा सुरूच करू नये, कारण ते बेअरिंग खाते. एकदा जोरदार उकळलेल्या इंजिनाचे ॲल्युमिनियमचे हेड वाकलेले असू शकते आणि वाकलेल्या हेडवर नवे गॅसकेट बसवणे म्हणजे तेच काम महिन्याभरात पुन्हा करणे. हेड मशीन शॉपमध्ये नेऊन सपाटपणा मोजून घ्यावा, गरज असल्यास घासून घ्यावे आणि बोल्ट ठरलेल्या क्रमाने, टॉर्क पान्यानेच आवळले जावेत. हे घरी, अंगणात, अंदाजाने करण्याचे काम नाही. हे मी स्वतःही करत नाही.

वायरिंगला जळल्याचा वास आला, फ्यूज बदलल्यावर पुन्हा उडाला, किंवा पेट्रोलची नळी सायलेन्सरजवळून जाताना दिसली, तर बॅटरीची तार काढून ऑटो इलेक्ट्रिशियनला किंवा मेकॅनिकला बोलवावे. रेडिएटरची जागा बदलण्यासाठी सांगाड्याचा किंवा रोल केजचा एखादा पाइप कापावा लागत असेल, तर ते प्रमाणित वेल्डरला दाखवल्याशिवाय कापू नये. तो पाइप उलटलेल्या गाडीत डोक्यावरचे छप्पर असतो.

मेकॅनिकला बोलावताना काटा केव्हा चढतो, मोजून भरलेल्या पाण्याचा आकडा, पंख्यावरचे व्होल्टेज, थर्मोस्टॅट किती अंशांना उघडला आणि दर फेरीनंतर किती पाणी कमी झाले, एवढे कागदावर लिहून त्याच्या हातात द्यावे. बगी त्याने पूर्वी पाहिलेली नसते, आणि या पाच गोष्टी कळल्या नाहीत तर तोही थर्मोस्टॅट काढण्यापासूनच सुरुवात करतो.